पाणचक्कीवाल्याचा चेहरा

आल्टनबाखमध्ये कुणाला फाशी द्यायची असली की शिडी पाणचक्कीवाल्याने पुरवायची, असा रिवाज होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एंड्रेसच्या आज्याने पुरवली, बापाने पुरवली, आता एंड्रेस पुरवत होता. एरवी ती शिडी चक्कीच्या मागच्या भिंतीला आडवी टांगलेली असे आणि तिच्यावर कोंबड्या बसत. पण गावाच्या लेखी ती शिडी म्हणजेच एंड्रेसचं घराणं. चर्चमध्ये त्याची जागा पार दाराशी, फाशीवाला आणि ढोरं सोलणारा यांच्या शेजारी. धान्य मात्र सगळ्यांचं त्याच्याच चक्कीत यायचं. पीठ नेताना जो तो पोतं हातात तोलायचा आणि विचारायचा, "काय रे एंड्रेस, उंदीर फार झालेत का यंदा?" आज्याने कधी मूठभर मारलंही असेल. एंड्रेसने कधी मारलं नव्हतं. पण न केलेल्या चोरीचा पुरावा माणसाने आणायचा कुठून?

स्वतःच्या अपमानाला तो सरावला होता. गेंड्याची कातडी म्हणतात तशी नव्हे, पण पोत्याखालच्या खांद्याला घट्टे पडतात तसे त्याच्या मनाला पडले होते. त्याचा जीव अडकला होता तो अफ्रामध्ये. अफ्रा त्याची एकुलती एक मुलगी. आई बाळंतपणातच गेलेली. पोर चक्कीच्या घरघरीत वाढली, म्हणून बोलायची मोठ्याने आणि हसायचीही मोठ्याने. तिचं आणि लीनहार्टचं जुळलं होतं. आता गावात पोरगे काय कमी होते? पण हिला आवडायचा तो नेमका मांगोल्डचा मुलगा, आणि मांगोल्ड म्हणजे विणकरांच्या पंचायतीचा मुखिया.

पंचायतीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. जो विणकर चक्कीवाल्याची, न्हाणीवाल्याची नाहीतर फाशीवाल्याची मुलगी करील त्याचा माग त्याच दिवशी मोडून टाकायचा. माग गेला की विणकराने खायचं काय, धोटा?

"काका, मी आणि अफ्रा पळून जाऊ शकतो," लीनहार्ट एकदा दळण टाकायला आला तेव्हा एंड्रेसला म्हणाला. उंच, गोरा, मवाळ डोळ्यांचा पोरगा. खोटं बोलला तर कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या त्याच्या.

"कुठे पळणार? दुसऱ्या गावात विणकरांची पंचायत नाही? ते पहिलं विचारतील, बायको कुणाची."

"मग?"

"मग काय. धान्य ओत वरून आणि गप बस."

एंड्रेस तोडून बोलला खरा, पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही येईना. आपण मेल्यावर ही पोर फाशीवाल्याच्या घरात जाणार. चक्कीवाल्याच्या मुलीला दुसरं स्थळ नाही. आणि फाशीवाल्याचा थोरला पोरगा आतापासूनच तिच्याकडे टक लावून बघतो, हे त्याने दाराशी उभं राहून दर रविवारी पाहिलं होतं.

त्याच वर्षी नदीने पूल नेला, आणि गावाने ठरवलं की चर्चच्या उत्तरेच्या कोऱ्या भिंतीवर संत फ्लोरियान रंगवून घ्यायचा. आग आणि पूर दोन्ही अडवणारा संत. त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला पुलावरून नदीत लोटलं होतं. पाद्री कोनराडने क्लॉस नावाचा एक चितारी बोलावून आणला. हा क्लॉस बुटका, ढेरपोट्या, खाण्यापिण्याचा शौकीन. धर्मशाळेत दोन दिवस राहिला आणि म्हणाला, "मला तळी जवळून बघायची आहे. लोक तळी म्हणून पनीरचा गोळा काढतात आणि वर संताचं नाव लिहितात." तो उठून चक्कीवर राहायला आला.

एंड्रेसने त्याला एक झिजलेली वरची तळी काढून दिली. टाकी लावून लावून पातळ झालेली, पण अजून दोघांना रेटायला जड. क्लॉसने ती हर तऱ्हेने कागदावर उतरवली. मग तो तळीकडे बघायचा सोडून एंड्रेसकडे बघायला लागला.

"जरा वाक," तो म्हणाला. "असाच. पोतं पाठीवर आहे असं समज."

"समजायचं काय त्यात. आहेच ते."

"तेच तर. दुसऱ्या कुणाला उभं केलं की तो ओझ्याचं सोंग आणतो. तुझी मान जन्मापासून वाकलेली आहे." क्लॉस खडू चालवत म्हणाला. "गळ्यात दोर घालून घेशील? घाबरू नकोस. संत करतोय तुला, चोर नव्हे."

एंड्रेसने दोर घालून घेतला खरा, पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी तो पाद्र्याकडे गेला. पाद्री कोनराड मनाने चांगला माणूस होता. चांगला, म्हणजे समोर बसलेल्याला कधी नाही न म्हणणारा. आणि अशा माणसांनी जगाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दरोडेखोरांनी केलेलं नाही.

"फादर, माझा चेहरा संताला. पाप तर नाही ना लागणार?"

"चेहरा देवानेच दिलाय तुला. त्याची वस्तू त्याच्या घरात." पाद्री हसला, आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि हे बघ. उद्या ज्या चेहऱ्यापुढे मांगोल्ड टोपी काढून गुडघे टेकील, त्याच चेहऱ्याच्या माणसाच्या मुलीला तो नाही कसं म्हणेल? पंचायत झाली तरी देवाहून मोठी नाही."

एंड्रेस चक्कीवर परतला तो जमिनीवरून चालत आला की हवेतून, त्यालाच कळलं नाही. अफ्रा पीठ चाळत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "बा, लोक संतापुढे टोपी काढतात. चेहऱ्यापुढे नाही."

"चेहराच तर संत आहे तिथे."

"तू लीनहार्टच्या बापाला ओळखत नाहीस."

"माझ्या आज्यापासून ओळखतोय त्या घराला. पीठ कुणाच्या चक्कीचं खातात?"

ती हसली. मोठ्याने, नेहमीसारखी. एंड्रेसला वाटलं, चला, पोर हसली म्हणजे निम्मं काम झालं. असंच असतं. आशा लागलेल्या माणसाला कोंबडा आरवला तरी तो आपल्याच नावाने आरवला असं वाटतं.

संत मायकेलच्या सणाला भिंतीवरचं कापड उतरलं. सगळं गाव लोटलं होतं. निळी नदी, तिच्यावर पूल, पुलावर संत, त्याच्या गळ्यात जात्याची तळी, आणि दोर आवळणारे दोन मारेकरी. मग एक म्हातारी म्हणाली, "अगो बाई, हा तर आपला चक्कीवाला."

हशा पिकला. "चितारी हुशार निघाला," कुणीतरी म्हणालं, "बरोबर त्याच्याच गळ्यात त्याची तळी बांधली." "नरकात चाललाय, बघा, पिठाच्या पोत्यासकट." दाराशी उभ्या असलेल्या एंड्रेसकडे माना वळल्या. त्यांचा आनंद खरा होता, हे एंड्रेसला दिसलं. त्याला शिक्षा होताना बघून गावाला इतकं बरं वाटेल हे त्याला माहीत नव्हतं.

मग कुणाला तरी डोक्यामागचं सोन्याचं वलय दिसलं. हसू विरलं. मांगोल्ड पुढे आला. बोलायला सावकाश, टोपी हातात.

"फादर, हा संत फ्लोरियान आहे?"

"हो. म्हणजे, चितारी माणसाचा नमुना घेतात, त्यात..."

"माझ्या घराला आग लागली तर मी ह्याच्यापुढे गुडघे टेकायचे? ज्याच्या शिडीवरून माणूस लटकतो त्याच्यापुढे?" त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. चर्चमध्ये, भर सणाला. त्याच्यामागे एकेका विणकराने आपापली टोपी घातली. "बदला हे."

पाद्र्याने नाही म्हटलं नाही. तो कधीच म्हणत नसे.

क्लॉस पुन्हा फळीवर चढला. ह्या वेळी मांगोल्ड स्वतः खाली उभा राहायचा. संत तरुण शिपाई होता, तेव्हा चेहरा तरुण हवा. जवळ तरुण, उंच, देखणा कोण, तर लीनहार्ट. बापाने हुकूम सोडला आणि लीनहार्ट मान खाली घालून नमुन्याला बसला. आणि जुना चेहरा? "भिंतीवर राहायची हौस आहे ना त्याला," मांगोल्ड म्हणाला, "राहू दे भिंतीवर." क्लॉसने दोर आवळणाऱ्या मारेकऱ्याचं डोकं खरवडलं आणि तिथे एंड्रेसचं बसवलं.

सामान न्यायला क्लॉस चक्कीवर आला तेव्हा एंड्रेस त्याला म्हणाला, "पुसून टाकायचा होतास. निदान पुसून तरी."

"मी पोटासाठी रंगवतो, बाबा," क्लॉस म्हणाला. त्याने एंड्रेसकडे बघितलं नाही. "राग धरू नकोस." जाताना त्याने अफ्राने बांधून दिलेला काळा पाव घेतला.

आता चित्रात एंड्रेस लीनहार्टच्या गळ्यात तळी बांधत होता. गावात कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. चक्कीवाल्याची पोर म्हणजे मुखियाच्या मुलाच्या गळ्यात धोंड, हे पूर्वी बायका नदीवर कुजबुजायच्या. आता ते चर्चच्या भिंतीवर रंगात होतं. हिवाळाभर अफ्रा चर्चला गेली ती डोक्यावरचं फडकं डोळ्यांपर्यंत ओढून. पण लीनहार्टही बापाचंच पोर निघाला, हट्टाच्या बाबतीत तरी. त्याने माग बंद ठेवला. बापाने मारलं, उपाशी ठेवलं. पोराने धोट्याला हात लावला नाही.

वसंतात, फ्लोरियानचा सण तोंडावर आला तेव्हा लीनहार्टची आई वाल्पुर्ग चक्कीवर आली. मांगोल्डच्या बायकोने चक्कीवर पाऊल टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"माझा पोरगा वाळून चाललाय," ती एंड्रेसला म्हणाली. "मी नवऱ्याचं डोकं खाल्लं, पंचायतीतल्या म्हाताऱ्यांच्या बायकांचं खाल्लं. एक वाट निघालीय. तुझ्या मुलीला बापाच्या घराशी संबंध तोडावा लागेल. सगळ्यांच्या देखत."

"तोडेल. त्यात काय. मी तिच्या दारात येणार नाही."

"तसं नाही." वाल्पुर्गने चपलेने जमीन उकरली. "सण आहे. डोळे काढायचे आहेत."

एंड्रेसला समजलं. आल्टनबाखच्या भिंतींवर देवाला चाबूक मारणारे शिपाई होते, संतांना जाळणारे राजे होते, आणि त्यांतल्या एकालाही डोळे नव्हते. सणाच्या दिवशी घरच्या बायका घरच्या किल्लीने दुष्टाचे डोळे खरवडत, म्हणजे त्याची नजर चुलीवर पडत नाही. नव्या चित्राला अजून कुणाची किल्ली लागली नव्हती.

"पहिली किल्ली अफ्राने चालवायची," वाल्पुर्ग म्हणाली. "मग ती तुझी कुणी नाही, असं पंचायत धरील."

ती गेली. अफ्रा आत सगळं ऐकत उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"भिंत आहे गं. चुना आणि रंग."

"तुझा चेहरा आहे."

"माझा चेहरा हा इथे आहे. बघ. ह्याला काय होतंय?"

"बा, मला नको तो लीनहार्ट."

"खोटं बोलू नकोस, नीट बोलता येत नाही तुला." त्याने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला. "मी किती वर्षं जगणार? मी गेल्यावर तू कुठे जाशील ते मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. त्या घरात दर फाशीनंतर दोर धुवायला टाकतात. मला ते बघायचं नाही. आज्याने शिडी दिली, बापाने दिली, मी दिली. तुझ्या पोराने देऊ नये, एवढंच मला हवंय. त्यासाठी भिंतीवरचे दोन डोळे जाणार असतील तर स्वस्तात सुटलो म्हणायचं."

ती रडली. मग रडायची थांबली आणि म्हणाली, "तू तिथे येऊ नकोस."

"येणार. मी आलो नाही तर म्हणतील, बापाला लपवून केलं."

फ्लोरियानच्या दिवशी चर्च खचाखच भरलं होतं. एंड्रेस आपल्या जागी, दाराशी. प्रार्थना आटोपली, बायका किल्ल्या काढून भिंतीशी जमल्या आणि त्यांनी अफ्राला वाट दिली. मारेकऱ्याचं डोकं तिच्या डोक्याच्या बरोबरीला होतं. तिने चक्कीची मोठी लोखंडी किल्ली काढली. दुसरी किल्ली तिच्याकडे असणार कुठून?

पहिला डोळा तिने चटकन खरवडला, डोळे मिटून. चुन्याचा भुगा खाली पडला. मग ती थांबली. तिचा हात वरच होता. सगळं चर्च वाट बघत होतं. तिने वळून दाराकडे पाहिलं. एंड्रेसने मान हलवली, हो, चालू दे. त्या मान हलवण्यात त्याने आयुष्यातली सगळी ताकद ओतली. ती पुन्हा वळली आणि ह्या वेळी डोळे उघडे ठेवून दुसरा डोळा खरवडायला लागली. रंग सहजासहजी निघेना. क्लॉसने काम चोख केलं होतं. ती खरवडत राहिली. खरवडता खरवडता तिच्या तोंडून बारीक आवाज निघायला लागला, आणि तो पांढरा खड्डा हवा त्याहून खोल झाला तरी ती थांबेना.

"आता खरंच आंधळं दळणार," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि कुत्रं पीठ खाणार." लोक हसले. शेवटी वाल्पुर्गने तिचा दंड धरला. मग बाकीच्या बायकांनी आपापल्या किल्ल्या चालवल्या.

पंचायत चर्चच्या आवारात लिंडनच्या झाडाखाली बसली. अफ्रा मधोमध उभी. लीनहार्ट आईशेजारी. एंड्रेस कुंपणाबाहेर, कारण आत त्याला जागा नव्हती, आणि आता तर ती त्याची कुणी नव्हतीच. पाच म्हातारे एकमेकांकडे बघत होते. सगळ्यांत थोरला बोलायला उठला तेव्हा एंड्रेसने कुंपणाचा दांडा धरला.

"पोरीने सांगितलं ते केलं," म्हातारा म्हणाला. "कुणी नाही म्हणणार नाही. पण मी तिथे उभा होतो. मी तिचं तोंड पाहिलं." तो थांबला. "जन्मदात्या बापाचे डोळे जिने असे फोडले, ती उद्या सासूसासऱ्याचं काय करील? आमच्यापैकी कुणाच्या घरात झोपेल ती, आणि कुणाला झोप लागेल?"

वाल्पुर्गने तोंड उघडलं आणि मिटलं. एंड्रेसने तिच्याकडे पाहिलं; तिने फसवलं नव्हतं, हे त्याला दिसलं. ती घाबरली होती. पोरगा वाचावा म्हणून तिने ती अट आणली होती, आणि ती अट पाळणारी मुलगी समोर उभी राहिली तेव्हा तिला तिचीच भीती वाटली. मांगोल्डने फक्त मान डोलावली. त्याला शब्द खर्चावे लागले नाहीत.

"लीनहार्ट," अफ्रा म्हणाली.

तो पुढे आला. त्याने हात पुढे केला, तिचा हात धरायला. तिच्या बोटांना, नखांत, मनगटापर्यंत पांढरा चुना लागला होता. तो चुन्याकडे बघत राहिला आणि त्याचा हात हवेतच थांबला. मग त्याने तो खाली घेतला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत.

एंड्रेस कुंपण ओलांडून आत गेला. त्याला कुणी अडवलं नाही. त्याने तिला खांद्याला धरून बाहेर आणलं आणि नदीच्या काठाकाठाने ते घरी आले. वाटेत तो बोलत होता. काही बिघडलं नाही, म्हणाला. मेले ते, म्हणाला. आपण दुसऱ्या गावी जाऊ, तिथे नवी चक्की भाड्याने घेऊ, म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला माहीत होतं की कुठेही गेलं तरी चक्कीवाला तो चक्कीवालाच. चूक आपली होती. पोर नाही म्हणत होती. तिला बाकावर बसवून, समजावून, आपणच तिच्या हातात किल्ली दिली.

घरी आल्यावर तिने हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. मग चुलीवरची जवाची पेज वाटीत ओतली आणि त्याच्यापुढे ठेवली. नजर खालीच.

"अफ्रा."

ती मीठ आणायला वळली.

"अफ्रा, इकडे बघ जरा." तो उठला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि तिची हनुवटी धरून वर केली. ती लहान होती तेव्हा कुठे लागलं की तो असंच करायचा. "बघ ना पोरी. आहेत. दोन्ही आहेत. मी बघतोय तुला."

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. त्यानंतर एंड्रेस जगला तोवर ती त्याच्याबरोबर त्याच घरात राहिली, त्याचं दळण केलं, त्याचं जेवण केलं, आजारपणात त्याला उचललं. त्याच्या तोंडाकडे मात्र तिने पुन्हा कधी पाहिलं नाही.